लुप्त होणारा ओढा कुठल्या झऱ्याला निघतो हे शोधायचं आहे: रंग किती, नमुने कसे?

प्रश्न
चुनखडकातल्या एका विवरात ओढा शिरतो आणि गडप होतो. सुमारे ३ किलोमीटरवर खाली दोन झरे आहेत. मोठ्याचा विसर्ग सेकंदाला २०० लिटर, धाकट्याचा ४०. युरानाइन (पाण्यात हिरवा चमकणारा रंग) वापरायचा विचार आहे. रंग किती टाकू? झऱ्यावर रंग शोषणाऱ्या कोळशाच्या पुरचुंड्या ठेवून भागेल की बाटल्याही भरायला हव्यात? दोन्ही झऱ्यांचं पाणी पिण्यात आहे.

उत्तर १
पिण्याचं पाणी आहे म्हणून आधी परवानगी घ्या, लोकांना कळवा. मगच रंगाचा हिशेब. कार्स्टसाठी (पाण्याने विरघळून विवरं-भुयारं झालेल्या चुनखडकाच्या भागासाठी) वापरलं जाणारं एक अनुभवजन्य सूत्र असं: अंतर (मीटर), विसर्ग (घनमीटर प्रतिसेकंद) आणि झऱ्यावर हवी ती कमाल तीव्रता (ग्रॅम प्रतिघनमीटर) यांचा गुणाकार करा, त्याचा ०.९५ घात घ्या, १९ ने गुणा. तुमच्यासाठी ३००० × ०.२ × ०.०१ = ६, म्हणजे साधारण १०० ग्रॅम. लिटरला १० मायक्रोग्रॅमची कमाल तीव्रता फ्लुओरोमीटरला (रंगाची चमक मोजणाऱ्या यंत्राला) भरपूर झाली. उगाच किलोभर ओतू नका.

भुकटी जागेवर उघडूच नका, घरून विरघळवून न्या. वाऱ्याने उडालेली १ मिलिग्रॅम भुकटी १००० लिटर पाण्यात लिटरला १ मायक्रोग्रॅमचा खोटा संकेत देते. रंग ओतणाऱ्याने नमुन्यांना हातही लावायचा नाही, त्या गाडीत पुरचुंड्याही नकोत. निम्म्याअधिक फसलेल्या चाचण्यांचं मूळ इथेच असावं, असं माझं मत आहे.

उत्तर २
पुरचुंड्या ठेवा, पण त्यांच्यावर विसंबू नका. करवंटीचा सक्रिय कोळसा रंग साठवत जातो. अल्कोहोल आणि अल्कलीच्या द्रावणाने तो सोडवून मोजता येतो. त्यातून ‘रंग इथे आला’ एवढंच कळतं. कधी आला, किती आला, हे नाही. तेवढ्यासाठी बाटल्या हव्यातच: सुरुवातीला दर तासाला, रंगाच्या तीव्रतेचं शिखर गेल्यावर चार-सहा तासांनी. युरानाइन उन्हात झपाट्याने नष्ट होतं, म्हणून गडद बाटल्या, थंड आणि अंधारी जागा.

विसर्ग नोंदवला नाही तर सगळी मेहनत अर्धी. समजा मोठ्या झऱ्यावर २० तास सरासरी ५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर मिळाले. २०० लिटर × ५ = सेकंदाला १ मिलिग्रॅम; ७२,००० सेकंदांत ७२ ग्रॅम. टाकले १०० ग्रॅम, म्हणजे ७२ टक्के सापडले. उरलेले कुठे गेले हा पुढचा प्रश्न: धाकट्या झऱ्याला, नदीपात्रात न दिसणाऱ्या झऱ्यांना, की अजून भुयारातल्या साचलेल्या डोहांत? वेळेनुसार तीव्रतेच्या आलेखाची शेपटी लांब असते. घाईने नमुने थांबवले तर वसुली कमीच दिसणार.

प्रश्नकर्ता
धाकट्या झऱ्याच्या पुरचुंडीत पुसट हिरवा दिसला, तर जोड सिद्ध झाली असं धरायचं का?

उत्तर १
लगेच नाही. रंग टाकण्याआधी निदान आठवडाभर कोऱ्या पुरचुंड्या आणि नमुने घेतले होते का, यावर सारं अवलंबून. गाड्यांच्या कूलंटमध्येही बऱ्याचदा हाच रंग असतो, गटाराचं पाणी मिसळत असेल तर तोही फसवतो. रंगातून निघणाऱ्या प्रकाशाचं (उत्सर्जनाचं) शिखर ५१५ नॅनोमीटरच्या आसपास आहे का, ते स्पेक्ट्रममध्ये पाहा. अल्कलीच्या द्रावणात ते किंचित सरकतं. प्रत्येक ठिकाणी दोन पुरचुंड्या ठेवा, एकीवर शंका आली तर दुसरी साक्षीला.

उत्तर ३
एक भर. झऱ्यात विद्युतवाहकता (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारी) आणि तापमान आपोआप नोंदवणारा लॉगर बसवा. पावसानंतर विसर्ग आधी वाढतो, वाहकता नंतर घसरते. आधी दाब पोचतो, नवं पाणी मागाहून येतं. या दोन्हींमधल्या वेळेत वाहून गेलेलं पाणी म्हणजे पाण्याने भरलेल्या भुयारांच्या आकारमानाचा ढोबळ अंदाज. रंगाशिवाय मिळणारी ही माहिती मला फार मोलाची वाटते.

आणि जमिनीवरच्या पाणलोटाच्या रेषेवर भरवसा नको. १८७७ मध्ये जर्मनीतल्या इमेंडिंगेनजवळ डॅन्यूबच्या विवरांत १० किलो युरानाइन टाकलं. सुमारे ६० तासांनी ते १२ किलोमीटरवरच्या, ऱ्हाईनच्या खोऱ्यातल्या आख झऱ्यात निघालं. डॅन्यूबचं पाणी ऱ्हाईनकडे चाललं होतं! ताशी २०० मीटर हा वेग डार्सीच्या नियमात (सच्छिद्र थरातून संथ झिरपणाऱ्या पाण्याच्या नियमात) बसत नाही. तेव्हा तिसरा, चौथा, डोंगरापलीकडचा झराही यादीत घ्या. जिथे कोणी पुरचुंडी ठेवली नाही, तिथे गेलेला रंग कुणालाच दिसत नाही.