टाकीची मोटर, जिन्यातले दिवे आणि तीन कंपन्या

ए-१०१ (सेक्रेटरी): काल रात्री परत टाकी वाहिली. जिन्यातले दिवे सकाळी दहापर्यंत तसेच. मोटर आणि दिवे आपोआप चालवणाऱ्या स्मार्ट सिस्टीमचं कोटेशन आलंय. सगळा माल एकाच कंपनीचा आणि दरवर्षी फी. काय करूया?

ए-२०३: आमच्याकडं ॲमेझॉनची अलेक्सा आहे, बोललं की काम करणारी. त्यावर चालेल असं घ्या.

बी-१०४: आमच्याकडं गूगल. वरच्या दादांकडं ॲपल.

बी-३०२: काका, सही करायच्या आधी माझं ऐका की. मी एका कंपनीचे मोबाईलवरनं चालणारे चार स्मार्ट प्लग घेतले होते. कंपनीनं सर्व्हर बंद केला आणि चारी प्लग एका दिवसात ॲपमधनं गेले. प्लग आमच्या भिंतीवर, पण हुकूम परक्या सर्व्हरवरनं यायचा. मला फार राग आला होता. तेव्हापासून मी घरी होम असिस्टंट वापरतोय.

बी-३०२: पाउलस स्खाउटसन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, आणि फुकट. २०२४ पासून ते ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडं आहे. रास्पबेरी पायसारख्या छोट्या कॉम्प्युटरवर चालतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकाच पानावर येतात आणि कधी काय लावायचं ते घरातच ठरतं, परक्या सर्व्हरवर नाही. खानापूरला मावशीकडंही हेच आहे. पावसात नेट जातं, तरी तिचे अंगणातले दिवे संध्याकाळी वेळेवर लागतात.

ए-२०३: मग अलेक्सा टाकून द्यायची काय?

बी-३०२: नाही वहिनी, तीही जोडता येते. फक्त अलेक्साला बोलून सांगायचं असेल तर नेट लागतंच. नवीन घेताना खोक्यावर ‘मॅटर’ची खूण बघा. २०२२ च्या ऑक्टोबरात आलेलं हे सामाईक मानक आहे, ॲमेझॉन, गूगल, ॲपल तिघंही त्यात आहेत. एकच मॅटर दिवा अलेक्सा आणि होम असिस्टंट दोन्हीकडनं चालवता येतो.

बी-२०१ (काकी): माझ्या सासऱ्यांना मोबाईल कळत नाही हं. भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे. आता पाऊस पडूलालाय, जिन्यात अंधार नको.

बी-३०२: काकी, एकदम बरोबर, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं. म्हणून स्मार्ट बल्ब नको, भिंतीवरचं बटण बंद केलं की तो ॲपवरनं लागत नाही. बटणाच्या मागं डब्यात बसणारं झिग्बी मॉड्यूल घ्यायचं (झिग्बी म्हणजे बिनतारी निरोपाची एक पद्धत), म्हणजे बटण पूर्वीसारखंच चालतं. तो रास्पबेरी पाय कॉम्प्युटर बंद पडला तरी बटण चालतं. डब्यात न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर आहे का ते आधी बघावं लागेल, जुन्या वायरिंगमध्ये कित्येकदा नसते. झिग्बीचा रेडिओ वायफायपेक्षा वेगळा. न्यूट्रल जोडलेलं मॉड्यूल सहसा निरोप पुढच्याला देतं, त्यामुळं तळमजल्यापासून गच्चीपर्यंत स्लॅब आडवा आला तरी पोचतो.

ए-१०१ (सेक्रेटरी): आणि मोटर? साधा स्मार्ट प्लग लावला तर?

बी-३०२: नको काका, अजिबात नको! मोटर सुरू होताना नेहमीच्या कैक पट करंट ओढते, प्लग जळेल. मध्ये कॉन्टॅक्टर पाहिजे, म्हणजे जास्त करंट झेपणारा मोठा स्विच. ईएसपी३२ नावाच्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डाला जोडलेला रिले, म्हणजे छोटा स्विच, फक्त त्या कॉन्टॅक्टरला चालू-बंद करेल. बोर्डाचा प्रोग्राम ईएसपीहोम या सॉफ्टवेअरनं घरीच लिहिता येतो, मी लिहून देतो. टाकीतला फ्लोट स्विच, म्हणजे पाणी वर आलं की तरंगून मोटर बंद करणारा, मात्र थेट वायरनंच जोडायचा. सॉफ्टवेअर चुकलं तरी टाकी भरली की मोटर थांबलीच पाहिजे. हे काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच, मी हात लावणार नाही.

बी-१०४: लाईट गेली तर?

बी-३०२: रास्पबेरी पाय आणि राउटर जिन्याच्या इन्व्हर्टरवर ठेवायचे. त्याला मेमरी कार्डाऐवजी एसएसडी ड्राइव्ह लावा, कार्ड सारखं लिहून लिहून खराब होतं. झिग्बीचे निरोप पकडणारी यूएसबी स्टिकही एक्स्टेन्शन वायरवर, रास्पबेरी पायपासून जरा लांब. यूएसबी ३ पोर्टजवळ तिला अडथळा येतो, माझे दोन रविवार त्यात गेले. आणि बॅकअप आठवड्याला.

बी-२०१ (काकी): वॉचमनमामांना मराठी वाचता येत नाही.

बी-३०२: काकी, बटणाची नावं आपणच ठेवायची. त्यांच्या पानावर कन्नडमध्ये ‘नीरिन मोटर’, आपल्या पानावर ‘टाकी’. एकच मोटर.

बी-१०४: हे भारी की! पण तुम्ही उद्या पुण्याला गेलात तर?

बी-३०२: बरोबर विचारलं. म्हणून पासवर्ड आणि वायरिंगचं चित्र सेक्रेटरींच्या कपाटात ठेवू. आणि बी-१०४ चा मुलगा डिप्लोमाला आहे, तो माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून राहू दे.

ए-१०१ (सेक्रेटरी): तर आधी फक्त तळमजल्याचा दिवा आणि टाकी. महिनाभर बघू. रविवारी सकाळी इलेक्ट्रिशियनला बोलावतो, आधी न्यूट्रल बघूया.

बी-२०१ (काकी): नऊला या. शिडी माझ्याकडं आहे.