पुणे आकाशवाणी : तुमच्या घरी काय लागायचं?

मंजिरी_के
माळा आवरताना आजोबांचं रेडिओचं लायसन सापडलं. पोस्टातलं पुस्तक, आत दरवर्षीचं तिकीट चिकटवलेलं आणि त्यावर काळा शिक्का. लेक म्हणते, रेडिओला लायसन? गाडीला असतं ना! आमच्याकडे ७ वाजून ५ मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागल्या, सुधा नरवणेंचा आवाज आला, की आई डबे भरायला घ्यायची आणि बातम्या संपल्या की बाबा सायकल काढणार. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते बघतंय कोण. केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला, तेव्हापासून काय काय बदललं, तुम्ही काय ऐकलंत, लिहा.

वाड्यातला_बाळ्या
गीतरामायण! आजीकडून इतक्यांदा ऐकलंय की मीच तिथे होतो असं वाटतं. १ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार. शुक्रवारी नवीन गाणं आणि शनिवार-रविवारी तेच परत. वर्षभराची ५२ गाणी ठरलेली पण त्या साली अधिक महिना आला म्हणून ५६ झाली. वाड्यात रेडिओ एकट्या मालकांकडे, आमचं भाडं थकलेलं, तरी आजोबा शुक्रवारी आंघोळ करून त्यांच्याच ओसरीवर पहिल्या रांगेत. आजी रेडिओला हळदकुंकू वाहायची, मालकीणबाई म्हणायच्या अहो जाळी खराब होईल.

सई७७
अधिक महिन्याचं माहीतच नव्हतं. भाडं दिलं का शेवटी?

वाड्यातला_बाळ्या
मालक विचारायचे, पण गाणं संपल्यावर.

नीरा_काठचा
तुम्ही शहरवाले गाण्यातच अडकलात. आमच्या बारामतीकडे संध्याकाळचे शेतकऱ्यांचे कार्यक्रम ऐकायचे, ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकर होते, बोली कशी असते ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. जयराम कुळकर्णी पण तिथलेच, पुढे सिनेमात जन्मभर पोलीस अधिकारी झाले ते. १९५६ ला युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने १५० गावांत शेतकरी मंडळं काढली, लोकांनी एकत्र बसून ऐकायचं, त्यावर बोलायचं आणि शंका केंद्राला कळवायच्या. आमचे चुलते सांगायचे चावडीवर चर्चा खताची सुरू व्हायची आणि बांधाच्या भांडणावर संपायची.

सई७७
हाहाहा बांध अजून तिथेच असेल. कुकर लावून येते.

अनामिक_आत्या
मी विविध भारतीवाली. १ नोव्हेंबर १९६७ ला मुंबई पुणे नागपूरला जाहिराती सुरू झाल्या, आमचे अण्णा भडकले, म्हणे सरकारी रेडिओवर साबण विकतात. आम्हा पोरांना कविता पाठ होईना पण जाहिराती चालीसकट पाठ. अण्णा फक्त जाहिरातीपुरता आवाज कमी करायचे, ती संपली की परत मोठा, त्या नादात बटणच निखळलं मग पक्कड लावून फिरवायचो. हवामहल लागलं की जेवणं व्हायलाच पाहिजेत हा नियम. रात्री छायागीत ऐकत ऐकत कधी झोप लागायची कळायचं नाही. मुलगा रेडिओ मिरची लावतो, गाण्यापेक्षा तो आरजेच जास्त बोलतो.

उगाच_पुणेकर
आत्या, आरजेंना बोलू द्या की, खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, बिचारे ट्रॅफिक सांगून दिवस काढतात. आणि मंजिरी, त्या ७.०५ च्या बातम्या पण जायला निघाल्या होत्या. २०२३ ला वृत्तविभाग पुण्यातून संभाजीनगरला न्यायचं ठरलं, एवढी बोंबाबोंब झाली की स्थगिती मिळाली. आमच्या कट्ट्यावर सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याच्या घरात रेडिओच नाही, पण पुणेकराला हक्काचं गेलेलं चालत नाही.

परदेशी_पाहुणी
अॅपवर लागतंय सगळं, न्यू जर्सीत उन्हाळ्यात पुण्याचे ७.०५ म्हणजे आमचे आदल्या रात्रीचे ९.३५. भांडी घासता घासता उद्याच्या सकाळच्या बातम्या ऐकते. नवरा म्हणतो भाजीचे भाव कशाला हवेत तुला.

नीरा_काठचा
ताई कांद्याचा तिकडे काय भाव?

परदेशी_पाहुणी
विचारू नका दादा.

ट्रान्झिस्टर_तात्या
अॅपमध्ये मजा नाही. मीडियम वेव्हवर ७९२ ला काटा आणायचा आणि ट्यूबलाइट लावली की खरखर, आमची ही मुद्दाम लावायची. जुना मर्फी पडलाय, व्हॉल्व्हचा आहे, पुण्यात कोण दुरुस्त करतं का?

उगाच_पुणेकर
तपकीर गल्लीत विचारा तात्या. दुपारी १ ते ४ सोडून.

ट्रान्झिस्टर_तात्या
गेलेलो. तो म्हणाला ब्लूटूथ बसवून देतो.

सई७७
आले. कुकरच्या शिट्ट्या कोण मोजत होतं?