मदत हवी आहे: फुकेटचा काँडो, टीसीएस कसा टाळायचा? (अर्जंट)

कोथरूडचा_पक्या: मंडळी, लवकर सांगा. थायलंडात फुकेटला बांग ताओ बीचजवळ वन बीएचके काँडो (फ्लॅट) पक्का केलाय. शुक्रवारपर्यंत टोकन नाही दिलं तर हातचा जाईल. बँकवाले २० टक्के टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना घेतात तो आगाऊ कर, कापणार म्हणतात. टाळता येतो का? बाकी सगळं बघून झालंय.

मस्कतकर: परदेशातल्या कमाईतून भरा, टीसीएसचा संबंधच नाही. मी तेच केलं.

कोथरूडचा_पक्या: अहो, मी पुण्यात राहतो. आयडीत लिहिलंय.

जमाखर्च: मग एलआरएस, म्हणजे परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर. आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस नाही, वरच्या रकमेवर २० टक्के. तो बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. बायकोचेही १० लाख वापरता येतील, मात्र मालक म्हणून तिचं नाव लागायला हवं. पुढे रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेचा तक्ता) काँडो दाखवा, नाहीतर १० लाखांचा दंड होऊ शकतो. टोकन कसं देताय?

कोथरूडचा_पक्या: क्रेडिट कार्डाने. एजंट लिंक पाठवतोय.

जमाखर्च: थांबा! कार्डाने परदेशात जागा घेणं फेमात (परकीय चलन कायद्यात) बसत नाही. बँकेतूनच पाठवा.

दिरहॅमदादा: थायलंड कशाला? दुबई घ्या. दिरहॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला. २० लाख दिरहॅमची प्रॉपर्टी घ्या, दीर्घ मुदतीचा गोल्डन व्हिसा मिळतो.

जमाखर्च: २० लाख दिरहॅम! ते वन बीएचके विचारतायत. आणि तुमची ती ४ टक्के नोंदणी फी कोण सांगणार?

बँकॉकची_वहिनी: पक्याभाऊ, फ्रीहोल्ड (कायमची मालकी) की लीजहोल्ड (भाडेपट्टा)?

कोथरूडचा_पक्या: लीजहोल्ड. फॉरेन कोटा संपलाय. पण ३०+३०+३० म्हणजे ९० वर्षं, एकूण एकच ना. टीसीएसचं सांगा.

बँकॉकची_वहिनी: एकच कसं? इथे लीज जास्तीत जास्त ३० वर्षांची नोंदली जाते. पुढच्या दोन तिशा म्हणजे बिल्डरचा शब्द. उद्या मालक बदलला की कोणाच्या दारात जाणार? परदेशी माणसाला इमारतीच्या ४९ टक्के क्षेत्रफळापर्यंत फ्रीहोल्ड मिळतं. कोटा शिल्लक असलेली दुसरी इमारत बघा. पैसे डॉलरमध्येच पाठवा, त्याचे बात (थाई चलन) इथल्या बँकेत करून घ्या. त्या बँकेचा कागद नसेल तर लँड ऑफिस फ्रीहोल्ड तुमच्या नावावर करत नाही. भाड्याचं काय ठरलंय?

कोथरूडचा_पक्या: ७ टक्के गॅरंटी. एअरबीएनबीवर टाकणार.

बँकॉकची_वहिनी: हॉटेल परवाना नसताना ३० दिवसांहून कमी मुदतीने भाड्याने देणं इथे बेकायदा आहे. परवाना कोणाच्या नावावर आहे ते विचारा.

मस्कतकर: सगळेच करतात हो. कोण बघतंय?

बँकॉकची_वहिनी: शेजारी बघतात, आणि तक्रारही करतात.

आंजर्लेकर: त्यापेक्षा दापोलीला प्लॉट घ्या. सातबारा निदान वाचता तरी येतो.

जमाखर्च: सातबाऱ्यावर किती नावं निघतात ते मोजलंत का कधी?

सुगरण_७२: बांग ताओला शाकाहारी जेवण मिळतं का? डिसेंबरात जातोय, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत.

बँकॉकची_वहिनी: पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरात 'जे' लिहिलेली दुकानं शोधा. तिथे कांदा-लसूणही नसतो.

कोथरूडचा_पक्या: एजंटाला परवान्याचं विचारलं. म्हणतो, आधी टोकन द्या, कागद मग. बँकेतून पाठवलं तर शुक्रवारपर्यंत पोचेल का?

जमाखर्च: पोचेल. पण पाठवताय कशाला?