ज्यू सावकार होते म्हणून युरोपने हाकलले? काहीही!

वाचाळवीर
काल इथे एकाने लिहिलं, ज्यू व्याजाने पैसे द्यायचे, लोकांना नाडायचे, म्हणून युरोपने त्यांना हाकललं, आपल्याकडे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले तसंच. वर पंचवीस जणांचे अंगठे! झोप सोडून लिहितोय कारण हे वाक्य कॉलेजपासून ऐकतोय आणि दरवेळी डोकं फिरतं. अहो, सावकारी त्यांनी हौसेने धरली का? कारागिरांच्या संघात प्रवेश नाही, बहुतेक ठिकाणी जमीन धरायची सोय नाही आणि व्याजखाऊ ख्रिश्चनाला चर्च दफनसुद्धा नाकारणार, मग उरलं काय? शिव्या खायला ज्यू आणि त्यांच्याकडून कर पिळायला राजा. इंग्लंडचंच घ्या, पहिल्या एडवर्डने १२७५ मध्ये त्यांचं व्याज कायद्याने बंद केलं. तरी १२९० मध्ये सगळ्यांना देशाबाहेर काढलंच. सावकारी हाच रोग होता तर औषध पंधरा वर्षं आधी देऊन झालं होतं की.

खरी गाठ धर्मातली आहे. ‘येशूला यांनी मारलं, आणि इतकं होऊन हे त्याला मानतही नाहीत’, हा ख्रिश्चनांचा राग. लेकीकडे गेलो तेव्हा फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या कॅथेड्रलची, म्हणजे मोठ्या चर्चची, ती तेराव्या शतकातली मूर्ती बघितली, ज्यू धर्म बाईच्या रूपात. डोळ्यांवर पट्टी, भाला मोडलेला, हातातून धर्माज्ञांच्या पाट्या निसटतायत. बरं, शेजारच्या विजयी चर्चबाईपेक्षा हीच देखणी! पण पैशाची थैली कुठे आहे तिच्याकडे? मी दोन्ही बाजूंनी फिरून बघितलं.

सुप्याचा नातू
ते वाक्य माझं. मूर्तीवरून इतिहास ठरवायचा तर कठीण आहे. ११९० ला इंग्लंडातल्या यॉर्कमध्ये दीडशेच्या आसपास ज्यू किल्ल्यात कोंडून मेले, आणि मग जमावाने काय केलं? थेट मोठ्या चर्चमध्ये जाऊन तिथे ठेवलेले कर्जाचे कागद जाळले. पुढाऱ्यांत स्वतः कर्जबुडवे सरदार. आणि तुमच्या लाडक्या स्ट्रासबर्गच्याच जुन्या बखरीत लिहिलंय की ज्यू गरीब असते आणि सरदार त्यांचे देणेकरी नसते तर ते जाळले गेले नसते. आता बोला.
आमच्या पणजोबांची बारा एकर अशीच गेली, कोऱ्या कागदावर अंगठा आणि तीस रुपयांचे दोनशे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

वाचाळवीर
पणजोबांबद्दल वाईट वाटलं, पण त्यांच्या सावकाराचा १३४९ मध्ये स्ट्रासबर्गला जाळलेल्या ज्यूंशी काय संबंध? सुप्यात कागद जाळले, माणसं सोडली. स्ट्रासबर्गला माणसं जाळली, तीही विहिरीत विष टाकून प्लेग आणल्याच्या आरोपावरून, आणि प्लेग गावात पोचलाही नव्हता! ज्यांनी बाप्तिस्मा घेतला ते वाचले. सावकार म्हणून जाळत होते तर डोक्यावर पाणी ओतल्याने व्याज धुऊन निघालं का?
यॉर्कचे कागद मान्य. तेवढंच मान्य.

मांडवीकाठ
बाप्तिस्म्याने वाचले? वाचाळवीर, गोव्याला या एकदा. पणजीत गार्सिया द ऑर्ताच्या नावाची बाग आहे, आम्ही शाळा सुटल्यावर तिथे भेळ खायचो आणि कुणी सांगितलं नाही की हा कोण. आईबाप स्पेनमधून हाकललेले ज्यू, पोर्तुगालात जबरदस्तीने ख्रिश्चन केलेले. हा वैद्य १५३४ ला गोव्यात आला, आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर १५६३ मध्ये इथेच पुस्तक छापलं. १५६८ ला मेला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे धर्म तपासणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, बहिणीला जिवंत जाळलं आणि १५८० मध्ये याची हाडं उकरून जाळली. हाडं हो! बाप्तिस्मा कधीच झाला होता.

हेकट
ते पोर्तुगीज. आपल्या मातीत ज्यूंना कधी त्रास झाला नाही, हे अभिमानाने लिहा की. पण नाही, आपल्याच तोंडाला काळं फासायचं.

मांडवीकाठ
गोवा आपल्या मातीत नाही का? निवडणुकीत असतं, इन्क्विझिशन आलं की पोर्तुगाल. आणि मी तोंडाला काळं कुणाच्या फासलं, पोर्तुगीजांच्याच ना? नीट वाचत जा.

हेकट
तुम्ही शिकवू नका. इन्क्विझिशनने हिंदूंचं काय केलं ते का नाही लिहिलं? त्यावर सोयीस्कर मौन.

मांडवीकाठ
कारण धागा ज्यूंवर आहे!! आमच्या कुळदेवाची मूर्ती रातोरात नदीपार नेली, ते मला तुम्ही सांगणार?

रेवदंडकर
भांडा. आमच्या आईचं बालपण अलिबागच्या इस्राएल आळीजवळ गेलं, म्हणजे कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंच्या वस्तीजवळ. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवारतेली म्हणत त्या लोकांना. शेजारून मलिद्याचं ताट यायचं, पोहे, खोबरं, गूळ, वर फळं. येशूला कुणी मारलं वगैरे आईला ठाऊकच नव्हतं, मग राग कशाचा येणार? पण हेकटसाहेब, छाती फार फुगवू नका. तेली म्हणून पायरी ठरलेलीच होती, आजी ते ताट घ्यायची आणि ओटीवरच ठेवायची, आत नाही. आईने हे मला फार उशिरा सांगितलं.

सुप्याचा नातू
घाणा होता, चोपडी नव्हती. म्हणून राग नव्हता. माझंच म्हणणं सिद्ध केलंत, धन्यवाद.

वाचाळवीर
कमाल आहे! बरं, प्रॉटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या जर्मन ल्यूथरचं सांगा. १५२३ मध्ये लिहितो, ज्यूंशी प्रेमाने वागा, येशू जन्माने ज्यूच होता. १५४३ मध्ये तोच म्हणतो त्यांची प्रार्थनास्थळं जाळा. वीस वर्षांत व्याजदर वाढला होता का? हे ख्रिश्चन होत नाहीत म्हणून बिनसलं.

सुप्याचा नातू
त्याच पुस्तकात व्याजावरून किती शिव्या घातल्यात ते गाळलंत. पण ठीक आहे, ल्यूथर तुमचा. यॉर्क माझं. स्ट्रासबर्ग अर्धं अर्धं.

हेकट
गोव्यावर अजून उत्तर आलेलं नाही.