‘हुंगणे’ या कांजीत कुत्रा आहे, मग ‘दुर्गंध’ या कांजीत तो का नाही?

प्रश्न

मी पुण्यात जपानी शिकते आणि एन-१ या जपानी भाषेच्या सर्वांत वरच्या पातळीच्या परीक्षेच्या तयारीसाठी नित्य वापरातील २१३६ कांजींची, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी मूळच्या अक्षरांची, यादी हाताने लिहून काढते आहे. ‘कुसाइ’, म्हणजे दुर्गंधी येणारे, हा शब्द लिहिताना वर मूळचे नाकाचे चिन्ह येते आणि खाली ‘मोठा’ या अर्थाचे ‘दाइ’. ‘कागु’, म्हणजे हुंगणे, या शब्दाच्या कांजीत डावीकडे तोंड आणि उजवीकडे तेच नाक असते; पण त्याखालच्या ‘दाइ’वर एक ठिपका असल्यामुळे तिथे ‘इनु’, म्हणजे कुत्रा, तयार होतो. कुत्रा आणि नाक मिळून वास, हे मला लगेच पटते. मोठे नाक म्हणजे दुर्गंध, हे पटत नाही. ही पुस्तकातील छपाईची चूक आहे की यामागे काही नियम आहे?

प्रतिसाद १

ही चूक नाही. दोन्ही अक्षरांत पूर्वी कुत्राच होता. फरक पडला तो ती अक्षरे सरकारी यादीत कधी आली यामुळे.

१९४६ च्या नोव्हेंबरमध्ये जपान सरकारने १८५० अक्षरांची ‘तोयो कांजी’ यादी जाहीर केली. ‘तोयो’ म्हणजे तूर्त वापरायच्या, आणि हे नाव जाणूनबुजून दिलेले होते, कारण कांजी हळूहळू कमी करत पूर्णपणे बंद कराव्यात असे मानणारे लोक तेव्हा धोरण ठरवणाऱ्यांत होते. एप्रिल १९४९ मध्ये या यादीतील अक्षरांची छापील रूपे ठरवण्यात आली. त्या वेळी बरीचशी नवी रूपे कुणी बसून शोधून काढलेली नव्हती; लोक पत्रांत आणि हिशेबाच्या वह्यांत जे आधीपासून लिहीत होते, त्यालाच छापखान्यात अधिकृत स्थान मिळाले. ‘देश’ अकरा रेघांवरून आठांवर आला, ‘शिकणे’ सोळांवरून आठांवर आणि ‘शरीर’ तर तेवीस रेघांवरून सातांवर. ‘दुर्गंध’ या यादीत होता, म्हणून त्याचा ठिपका गेला. ‘हुंगणे’ यादीतच नव्हते, त्यामुळे त्याला कुणी हात लावला नाही. पुढे २०१० मध्ये यादीत १९६ अक्षरांची भर पडली, त्यांत ते आले, आणि तोवर छापील रूढ रूप बदलायचे नाही असे धोरण ठरलेले होते.

चीनमध्ये १९५६ पासून अक्षरे सोपी करण्याची मोहीम जपानपेक्षा कितीतरी व्यापक झाली, तरी तिथल्या ‘दुर्गंध’ या अक्षरात कुत्रा आजही जागेवर आहे.

प्रतिसाद २

वरील खुलासा बरोबर आहे, परंतु या सुधारणेची किंमतही सांगायला हवी, आणि ती केवळ एका ठिपक्याची नाही. वकिलाच्या पदनामातील ‘बेन’ म्हणजे युक्तिवाद, पाकळीच्या शब्दातील ‘बेन’ म्हणजे पाकळी आणि जेवणाच्या डब्यातील, म्हणजे ‘बेन्तो’तील, ‘बेन’ म्हणजे पारखणे, अशी तीन वेगळी अक्षरे होती. ती तिन्ही मोडून एकच पाच रेघांचे अक्षर ठेवण्यात आले, आणि त्या अक्षराचा मूळ अर्थ होता एक प्रकारची टोपी.

कलेसाठीच्या ‘गेइ’ या अक्षराबद्दल मला अधिक वाईट वाटते. त्याचा मधला भाग काढून टाकल्यावर जे उरले, ते ‘उन’ नावाचे स्वतंत्र अक्षर आधीपासूनच होते. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून ठेवल्या जाणाऱ्या एका सुगंधी वनस्पतीचे ते नाव. आठव्या शतकात नारा येथे इसोनोकामी नो याकात्सुगु यांनी जो ग्रंथसंग्रह वाचकांसाठी खुला केला, त्याचे नाव ‘उनतेइ’ याच अक्षराने लिहितात, आणि आजचा विद्यार्थी ते सहज ‘गेइतेइ’ असे वाचून बसतो. टोकियोचे कला विद्यापीठ आपल्या नावात अजून जुने ‘गेइ’ वापरते, याचे मला समाधान वाटते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. यादीत असणे किंवा नसणे एवढ्यावरच सारे ठरले असेल, तर २०१० मध्ये नव्या अक्षरांनाही तोच नियम लावून सगळी यादी एकसारखी का केली नाही? आणि मी वहीत ‘हुंगणे’ ठिपक्याविना लिहिले, तर ते चूक ठरेल का?

प्रतिसाद ३

एकसारखेपणाचा प्रयोग आधी होऊन गेला होता आणि त्याचा अनुभव चांगला नव्हता. ‘प्रभाग’ या अर्थाच्या ‘कु’ अक्षरात, जे टोकियोच्या प्रत्येक प्रभागाच्या नावाअखेर येते, पूर्वी चौकटीत तीन तोंडे होती. १९४९ मध्ये त्यांच्या जागी फुली आली. कुरव पक्ष्याच्या अक्षरात हाच भाग आहे, पण ते यादीबाहेर असल्याने तिथे तीन तोंडे राहिली. १९८३ मध्ये संगणकासाठीच्या राष्ट्रीय मानकात अशा कित्येक यादीबाहेरच्या अक्षरांना परस्पर सोपी रूपे देण्यात आली, त्यात कुरवही होता. परिणामी जुन्या आणि नव्या यंत्रांवर एकाच संकेतांकाची वेगवेगळी रूपे उमटू लागली आणि पुस्तकांत एक, पडद्यावर दुसरे, अशी स्थिती झाली. म्हणून २००० मध्ये राष्ट्रभाषा परिषदेने यादीबाहेरच्या १०२२ अक्षरांची छापील रूपे ठरवून दिली आणि ती प्रामुख्याने जुन्या छपाईच्या परंपरेनुसार ठेवली. २०१० ची भर याच भूमिकेतून झाली.

हाताच्या लेखनाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. २०१० च्या यादीलाच जोडलेल्या स्पष्टीकरणात काही अक्षरे छापताना एक रूप आणि हाताने लिहिताना सोपे रूप चालते असे नमूद केले आहे, आणि ‘हुंगणे’ त्यांत आहे. त्यामुळे तुम्ही ते ठिपक्याविना लिहिले तरी ते चूक नाही. तरीही मी स्वतः ठिपका देतो, कारण नाकाखाली कुत्रा असला की ते अक्षर मला कधीच विसरायला होत नाही.