विषय: काँग्रेस सदस्यांचं बजेट-कपातीचं पत्र: आपल्या घरांपुरतं काय लक्षात ठेवायचं

प्रेषक: अनघा (चिटणीस)
मार्च २०२६

मंडळी, नमस्कार.

न्यू जर्सीतल्या आपल्या भागाच्या काँग्रेस सदस्यांच्या कार्यालयाकडून फेडरल कपातींबद्दल मतदारांना पाठवलेलं पत्र बहुतेकांनी पाहिलं असेल. त्यावरून गेल्या आठवड्यात मंडळाच्या इनबॉक्समध्ये बरेच प्रश्न आले. निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे: आई-वडिलांचं ग्रीन कार्ड आहे, पाच वर्षं झालेली नाहीत, मार्केटप्लेसवरची (सरकारी आरोग्यविमा बाजारपेठेतली, हप्ता कमी करणारी) सबसिडी जानेवारीपासून बंद का झाली?

करविषयक मदत करणाऱ्या आणि काउंटीच्या कामाची माहिती असलेल्या सभासदांना इथेच उत्तर द्यायची विनंती केली आहे. मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहे, त्यामुळे कुणाला मत द्यायचं ही चर्चा या लिस्टवर नको. कायदा काय म्हणतो, तेवढंच.

अनघा

---

प्रेषक: श्रीपाद

अनघाताई, मंडळी,

पत्रात चार वेगवेगळ्या गोष्टी ‘कपात’ या एकाच शब्दाखाली आल्यात, म्हणून गोंधळ. आधी त्या वेगळ्या करतो.

राष्ट्राध्यक्षांचं बजेट म्हणजे मागणीपत्र. त्यातल्या आकड्याने कुणाचे पैसे जात नाहीत. वार्षिक खर्चाची विधेयकं दरवर्षी १ ऑक्टोबरपासूनची, ती वेळेत झाली नाहीत तर शटडाउन, म्हणजे बरंचसं फेडरल कामकाज बंद. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस झाला. रिसिशन म्हणजे मंजूर झालेले पैसे परत घेणं. जुलै २०२५ च्या सुमारे ९ अब्ज डॉलरच्या कायद्यात सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचे १.१ अब्ज गेले ते असे. आणि चौथा, ४ जुलै २०२५ ला सही झालेला मोठा रिकन्सिलिएशन (सिनेटमध्ये साध्या बहुमताने होणारा बजेटचा) कायदा, सिनेटमध्ये ५१-५० आणि हाउसमध्ये २१८-२१४ ने झालेला. तो वर्षागणिक संपत नाही. दुसरा कायदा होईपर्यंत राहतो. आपल्या घरांवर जे येतंय ते मुख्यतः या चौथ्यातून, आणि टप्प्याटप्प्याने.

आता आई-वडिलांचा प्रश्न. ग्रीन कार्ड मिळाल्यावर पहिली पाच वर्षं प्रौढांना बहुतेक वेळा मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा) मिळत नाही. म्हणून जुन्या कायद्यात एक खिडकी होती: उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १०० टक्क्यांखाली असलं तरी अशा लोकांना मार्केटप्लेसची सबसिडी मिळायची. इथे उत्पन्न शून्य असलेल्या आजी-आजोबांना जवळजवळ फुकट प्लॅन मिळायचा तो या खिडकीतून. १ जानेवारी २०२६ पासून ती बंद झाली. ग्रीन कार्डवाल्यांची सबसिडी गेलेली नाही, १०० टक्क्यांखालच्यांची गेली. हा फरक कॉल सेंटरवरही नीट सांगितला जात नाही.

२०२६ च्या विम्यासाठी १०० टक्के म्हणजे एकट्याला १५,६५० आणि दोघांना २१,१५० डॉलर. इथे लोक चुकतात ते ‘इथे उत्पन्न नाही’ असं लिहून. ग्रीन कार्डधारक करासाठी रहिवासी, म्हणजे जगभरचं उत्पन्न मोजायचं: भारतातलं निवृत्तिवेतन, एफडीचं व्याज, पीपीएफचं व्याज (तिकडे करमुक्त असलं तरी), घरभाडं. तिकडे कर भरला असेल तर फॉर्म १११६ वर त्याचं क्रेडिट मिळतं, पण उत्पन्न मोजणीतून वजा होत नाही.

उदाहरण घेऊ. डॉलरला ९० रुपये धरले. निवृत्तिवेतन महिना १ लाख, म्हणजे वर्षाला १३,३३३ डॉलर. व्याज साडेचार लाख रुपये, ५,००० डॉलर. फ्लॅटचं भाडं तीन लाख, ३,३३३ डॉलर. बेरीज २१,६६६. रेषेच्या वर. या उत्पन्नाला २०२६ मध्ये सिल्व्हर बेंचमार्क प्लॅनसाठी (मधल्या दर्जाचा, ज्यावरून सबसिडी ठरते तो) उत्पन्नाच्या २.१० टक्के, म्हणजे महिना साधारण ३८ डॉलर पडतात, शिवाय १५० टक्क्यांपर्यंत सिल्व्हरवरच डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) कमी करणारी जादा मदत. कमी हप्त्याचा ब्रॉन्झ घेतला तर ती मदत हुकते.

पण घाई नको. भाडं ढोबळ धरायचं नसतं. मालमत्ता कर, सोसायटीचा मेंटेनन्स, दुरुस्ती आणि घसारा वजा होतो. अमेरिकी नियमाने भारतातल्या निवासी घराचा घसारा घेतला की तीन लाखांचं भाडं कागदावर शून्याच्या जवळ येऊ शकतं, आणि वरची बेरीज पुन्हा १८,३३३ वर, रेषेच्या खाली. म्हणून आधी मागच्या वर्षीचं शेड्यूल ई (रिटर्नमधला भाड्याच्या उत्पन्नाचा तक्ता) बघा, मग मार्केटप्लेसवर आकडा लिहा. अंदाज कागदाला धरून असेल आणि वर्षअखेर थोडं कमी पडलं तर सहसा क्रेडिट टिकतं. जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने फुगवलेल्या आकड्याला ते संरक्षण नाही. तेव्हा ‘२१,२०० टाकून दे’ हा व्हॉट्सॲपवरचा सल्ला सोडून द्या.

आणखी दोन अटी. दोघांचं रिटर्न एकत्र हवं. मुलाने किंवा मुलीने आई-वडिलांना आपल्या रिटर्नवर अवलंबित दाखवलं की कुटुंबाचं उत्पन्न मुलाचं धरलं जातं आणि सबसिडीचा विषय बहुधा संपतो. ज्यांचं करपात्र ढोबळ उत्पन्न २०२५ मध्ये ५,२०० डॉलर किंवा त्याहून जास्त होतं, त्या पालकाला अवलंबित दाखवताही येत नाही. भारतातली खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असतील तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरायचाच. उत्पन्न दाखवलं आणि खाती लपवली, असं व्हायला नको.

श्रीपाद

---

प्रेषक: मेधा

श्रीपादकाका, एक शंका. ज्यांचं खरंच १०० टक्क्यांखाली आहे, त्यांनी काय करायचं? आणि ६५ झाले की मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) मिळतं ना आपोआप?

मेधा

---

प्रेषक: श्रीपाद

मेधा, ‘आपोआप’ काही नाही. ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम, स्वतःचं किंवा जोडीदाराचं असेल तर पार्ट ए (हॉस्पिटलचा विमा) फुकट. मुलांची क्रेडिटं आई-वडिलांना चालत नाहीत. क्रेडिट नसेल तर वय ६५, ग्रीन कार्ड आणि अर्जाआधी सलग पाच वर्षं वास्तव्य, मग विकत घेता येतं: २०२६ मध्ये पार्ट ए महिना ५६५ आणि पार्ट बी (डॉक्टर आणि तपासण्या) २०२.९०, माणशी. नुसता पार्ट बी घेऊन त्यावर औषधांचा पार्ट डी घेता येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

पाच वर्षं पूर्ण होण्याच्या महिन्याच्या तीन महिने आधीपासून तीन महिने नंतरपर्यंत नोंदणीची खिडकी असते. ती चुकली तर पार्ट बीच्या हप्त्यावर दर पूर्ण १२ महिन्यांच्या उशिराला १० टक्के जादा, कायमचे. ज्यांना पार्ट ए विकत घ्यावा लागतो ते मेडिकेअर न घेता सबसिडीच्या प्लॅनवर राहू शकतात, पण दंडाचं घड्याळ तोवर चालूच असतं. शिवाय पुण्याला आठ-आठ महिने जाऊन आलात तर ‘सलग’ वरच प्रश्न येतो. पासपोर्टच्या शिक्क्यांची यादी तयार ठेवा.

१०० टक्क्यांखालच्यांसाठी न्यू जर्सीत दोन गोष्टी खऱ्या उपयोगाच्या. एक, हॉस्पिटलांमधलं चॅरिटी केअर: २०० टक्क्यांपर्यंत हॉस्पिटलचं पूर्ण बिल माफ, ३०० पर्यंत अंशतः, इमिग्रेशन स्टेटसची अट नाही, पण मालमत्तेची आहे, एकट्याला ७,५०० आणि कुटुंबाला १५,००० डॉलर. अर्ज हॉस्पिटलच्या आर्थिक सल्लागाराकडे करायचा. रेडिओलॉजिस्ट, भूलतज्ज्ञ यांची बिलं वेगळी येतात आणि ती यात बसत नाहीत. धक्का बसतो तो तिथे. दोन, फेडरल मदतीवरची सामुदायिक आरोग्य केंद्रं, उत्पन्नानुसार फी. रक्तदाब-मधुमेहाच्या नेहमीच्या तपासण्यांना हीच जागा बरी.

प्रवासी विमा हा पर्याय नव्हे. जुने आजार त्यात सहसा नसतात.

आता दुसरं टोक, कारण लवकर निवृत्त झालेले आणि कन्सल्टिंग करणारे सभासदही आहेत. मार्केटप्लेसची वाढीव सबसिडी ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. जानेवारीत हाउसने तीन वर्षांच्या मुदतवाढीचं विधेयक मंजूर केलं, कायदा मात्र झालेला नाही. त्यामुळे दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांचा कडा परत आलाय: दोघांना ८४,६००, चौघांना १,२८,६००. एक डॉलर वर गेलात की पूर्ण क्रेडिट जातं. २०२५ च्या रिटर्नवर, म्हणजे आत्ता फॉर्म १०९५-ए (मार्केटप्लेसने पाठवलेला हिशोब) बघून ८९६२ (सबसिडीचा ताळमेळ घालणारा फॉर्म) भरताना, कमी उत्पन्नवाल्यांना जादा मिळालेल्या क्रेडिटच्या परतफेडीवर मर्यादा आहे. २०२६ पासून ती मर्यादाच काढून टाकलीय, सगळं परत.

या वर्षी पुण्याचा फ्लॅट विकणार असाल, निवृत्तीच्या खात्याचं रॉथमध्ये रूपांतर करणार असाल, तर आधी हा कडा बघा. भांडवली नफा मोजला जातो. खाली यायचं असेल तर पारंपरिक आयआरए, म्हणजे निवृत्तीसाठीचं खातं (२०२६ ला ७,५००, वय ५० च्या पुढे ८,६००) आणि एचएसए, म्हणजे आरोग्यखर्चासाठीचं बचत खातं (एकट्याला ४,४००, कुटुंबाला ८,७५०). मार्केटप्लेसचे सगळे ब्रॉन्झ प्लॅन या वर्षीपासून एचएसएला चालतात, ही त्या कायद्यातली एक बरी गोष्ट. न्यू जर्सी मात्र राज्याच्या रिटर्नवर एचएसएची वजावट मानत नाही.

एच-१बी, एच-४, ओपीटीवर (विद्यार्थ्यांची शिक्षणाशी निगडित कामाची परवानगी) असणारे आणि आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) प्रलंबित असणारे: मार्केटप्लेसवर सबसिडी घेत असाल तर ती १ जानेवारी २०२७ पासून नाही. प्लॅन विकत घेता येईल, पूर्ण दराने.

श्रीपाद

---

प्रेषक: वैशाली

मंडळी, मेडिकेड आणि स्नॅपबद्दल (फूड स्टॅम्प, म्हणजे अन्नासाठीची सरकारी मदत) मी लिहिते. लिस्टवर ‘फूड स्टॅम्प आपल्या लोकांना लागत नाहीत’ असं कुणीतरी लिहिलं होतं. लागतात. आणि ज्यांना लागत नाहीत त्यांच्या प्रॉपर्टी टॅक्सला लागतात, ते कसं ते शेवटी.

मेडिकेडच्या विस्तारित गटात (ओबामाकेअरने जोडलेल्या कमी उत्पन्नाच्या प्रौढांत) १९ ते ६४ वयाच्यांना महिना ८० तास काम, स्वयंसेवा, प्रशिक्षण किंवा निम्मा वेळ शिक्षण दाखवावं लागेल, सर्वसाधारणपणे उशिरात उशिरा १ जानेवारी २०२७ पासून. तास मोजायचे नसतील तर महिना ५८० डॉलर उत्पन्न पुरतं (८० तास गुणिले ७.२५). ६५ वरच्यांना हे लागू नाही. म्हणजे ज्यांनी लक्ष द्यायचं ते ५५ ते ६४ मधले, पाच वर्षं पूर्ण झालेले पालक. पात्रतेची तपासणीही वर्षातून एकदा ऐवजी दर सहा महिन्यांनी होणार. गळती तिथेच होईल असं माझं मत: तास भरतात, पण पत्ता बदललेला असतो आणि लिफाफा जुन्या घरी जातो.

१३ वर्षांपर्यंतच्या मुलाची देखभाल करणाऱ्यांना सूट आहे. नातवाला सांभाळणाऱ्या आजीला ती मिळेल का? कायद्यात आई-वडिलांखेरीज देखभाल करणारे नातलगही आहेत, पण पुरावा कोणता चालेल हे नियमावलीत ठरायचं. केंद्राने अंतरिम नियम १ जून २०२६ पर्यंत काढायचे आहेत. तोवर गृहीत धरू नका.

स्नॅपमध्ये कामाच्या अटीचं वय ५४ वरून ६४ झालं, आणि मुलामुळे मिळणारी सूट आता मूल १४ च्या खाली असेल तरच. ग्रीन कार्डवाल्या प्रौढांना पाच वर्षांची अट पूर्वीसारखीच; १८ खालच्या मुलांना ती नाही.

आता प्रॉपर्टी टॅक्स. स्नॅपच्या प्रशासन-खर्चात केंद्र निम्मा वाटा देत होतं, १ ऑक्टोबर २०२६ पासून पाव देणार. न्यू जर्सीत हा कारभार काउंटीच्या सोशल सर्व्हिसेसकडे आहे, आणि काउंटीचा पैसा येतो आपल्या घरपट्टीतून. त्यापुढे २०२८ च्या आर्थिक वर्षापासून राज्याच्या चुकांचं प्रमाण ६ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर प्रत्यक्ष मदतीच्या रकमेतलाही ५, १० किंवा १५ टक्के वाटा राज्याने उचलायचा. ‘चूक’ म्हणजे फसवणूक नव्हे. बहुतांशी उत्पन्नाचा आकडा वेळेत न बदलल्याने जास्त किंवा कमी गेलेले पैसे. काउंटीचा माणूस दोनदा कागद मागतो तो त्यामुळे. चिडू नका, द्या.

वैशाली

---

प्रेषक: मिलिंद

वैशालीताईंनी लिहिलंच आहे, पत्र पाठवणाऱ्या कार्यालयाचा उपयोग कसा करायचा तेवढं जोडतो.

काँग्रेस सदस्याचं कार्यालय फेडरल खात्यांकडे पाठपुरावा करतं: सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, आयआरएस (कर खातं), यूएससीआयएस (इमिग्रेशन खातं), पासपोर्ट. न्यू जर्सी फॅमिलीकेअर (राज्यातलं मेडिकेड) किंवा स्नॅपचा अर्ज अडकला असेल तर तिथे लिहून वेळ जातो. त्यासाठी राज्याच्या विधानमंडळातले आपले एक सिनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य. काँग्रेसकडे जाताना प्रायव्हसी रिलीज फॉर्मवर ज्याचं काम त्याची सही हवी. आईच्या कामावर मुलाने सही केली की फॉर्म परत येतो. सोबत रिसीट नंबर किंवा नोटिशीची प्रत आणि नेमकं काय हवं ते दोन ओळींत. एकाच वेळी हाउस सदस्य आणि दोन्ही सिनेटरांना लिहू नका, तिघांकडून खात्याला चौकशी गेली की फाइल पुढे सरकत नाही, फिरत बसते. निर्णय बदलणं त्यांच्या हातात नाही, आणि अपिलाची मुदत त्यांच्या चौकशीमुळे थांबतही नाही.

शटडाउनबद्दल: यूएससीआयएस फीवर चालतं, ते बंद पडत नाही. कामगार खात्याचं एलसीए (एच-१बीआधी लागणारी मंजुरी) आणि पर्म (नोकरीवरच्या ग्रीन कार्डआधीची मंजुरी) बंद पडतं; गेल्या ऑक्टोबरात तेच झालं. एलसीएला सात कामाचे दिवस लागतात आणि एच-१बी मुदतवाढ सहा महिने आधी भरता येते. ज्यांची मुदत येत्या हिवाळ्यात संपते त्यांनी कंपनीच्या वकिलाला एलसीए सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उरकायला सांगावं.

आणि भारतात पैसे पाठवण्यावरचा १ टक्का कर: तो फक्त रोख, मनी ऑर्डर, कॅशियर्स चेकने भरलेल्या रकमेवर. बँक खात्यातून किंवा इथल्या डेबिट-क्रेडिट कार्डाने पाठवलेल्यावर नाही. सुरुवातीच्या मसुद्यात नागरिक नसलेल्यांना ५ टक्के होते, तेच अजून लोकांच्या डोक्यात आहे.

मिलिंद

---

प्रेषक: अनघा (चिटणीस)

सर्वांचे आभार. एक काम मंडळाकडून: स्वयंसेवेचे तास मेडिकेडसाठी मोजले जाऊ शकतात, म्हणून पाडव्याच्या कार्यक्रमापासून नोंदवही ठेवतोय. नाव, तारीख, आल्याची-गेल्याची वेळ, काम, आणि त्या दिवशीच्या प्रमुखाची सही. महिन्याअखेरीला मागितल्यास मंडळाच्या लेटरहेडवर ईआयएनसह (मंडळाच्या कर-ओळख क्रमांकासह) पत्र मिळेल. मागच्या तारखांची पत्रं देणार नाही, कृपया मागू नका. वही स्वयंपाकघराच्या दाराशी असेल, तिथून सगळेच जातात.

अनघा