शब्दचर्चा: ‘टार्गेटेड फ्लुओरेसंट नॅनोपार्टिकल्स’ मराठीत कसं सांगावं?

घोडबंदरकर: विज्ञान दिनाला सोसायटीत ट्यूमरच्या इमेजिंगवर बोलायचंय. पोस्टरवर ‘अर्बुद दाखवणारे लक्ष्यवेधी चमकणारे अब्जांश कण’ लिहिलंय. चालेल?

खारघरची माई: अब्जांश चालेल, मीटरचा अब्जावा भाग म्हणजेच नॅनोमीटर. ‘अर्बुद’ नको, कोणी बोलत नाही. ‘कर्करोगाची गाठ’ म्हणा, कारण नुसती गाठ चरबीचीही असते. आणि ‘चमकणारे’ काढाच. हे कण आपणहून चमकत नाहीत. बाहेरून प्रकाश टाकला की तो शोषून जास्त तरंगलांबीचा प्रकाश सोडतात. दिवा बंद, खेळ खलास. नोट जांभळ्या दिव्याखाली धरली की नंबर उजळतो, तेच हे. त्याला अनुस्फुरण म्हणतात. शरीरासाठी साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा पट्टा निवडतात, तिथे रक्त आणि पाणी प्रकाश कमी गिळतात. यातला बराचसा डोळ्यांना दिसतही नाही. सर्जन बघतो ते कॅमेऱ्याने पडद्यावर रंगवलेलं चित्र.

पाचपाखाडी: मग ‘रेडियम कण’ करा, ठाण्यात सगळ्यांना कळेल :)

खारघरची माई: रिक्षामागच्या रेडियममध्ये ना रेडियम, ना अनुस्फुरण. नुसतं परावर्तन. त्यापेक्षा इंग्रजी बरं.

कोपरखैरणे: माझा आक्षेप ‘लक्ष्यवेधी’ला. कण नेम धरून जात नाही हो. शिरेतून दिला की रक्ताबरोबर अंगभर फिरतो. त्याच्यावर बसवलेलं पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) किंवा अँटिबॉडी (प्रतिपिंड) पेशीवरच्या रिसेप्टरशी, म्हणजे ठरावीक रेणू पकडणाऱ्या प्रथिनाशी, जुळली तर तिथे चिकटतो. बाकीच्यांतले बरेच यकृत आणि प्लीहा अडवून ठेवतात, ही या क्षेत्रातली जुनी डोकेदुखी. म्हणून कॉर्नेल विद्यापीठातले सिलिकाचे ‘सी डॉट्स’ जेमतेम ६-७ नॅनोमीटरचे केले, लघवीवाटे निघून जावेत म्हणून. २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्यांच्या मानवी चाचणीला परवानगी दिली. मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) ५ रुग्णांवरचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. गंमत म्हणजे त्यात कणांचा माग काढला तो किरणोत्सारी आयोडीन लावून, किरणोत्सार टिपणाऱ्या पेट स्कॅनने. ‘वेध’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं सगळे बाण गाठीतच.

घोडबंदरकर: आणि पॅफोलॅसिॲनिन? शस्त्रक्रियेत गाठ दिसावी म्हणून देतात ते औषध, २०२१ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी मंजूर झालेलं. तेही यातच घालू?

कोपरखैरणे: फोलेट रिसेप्टरला चिकटतं, अनुस्फुरकही आहे, पण तो रेणू. कण नाही. वेगळं सांगा.

घोडबंदरकर: ‘कर्करोगाच्या गाठीला चिकटणारे अनुस्फुरक अब्जांश कण’ केलं. बायको म्हणते, पोस्टरवर मावत नाही.

खारघरची माई: वहिनींना सांगा, फॉन्ट लहान करा, ‘चमकणारे’ परत घालू नका.